रक्तातून डोक्यातली गाठ कळते का? वाचकांचे प्रश्न, लॅबमधली उत्तरं

गेल्या अंकात मेंदूतल्या गाठींवर दोन पानं छापली होती, त्यात शेवटी एक ओळ होती की रक्तातल्या नाहीतर मणक्यातल्या पाण्यातल्या प्रोटीनवरून गाठीचा पत्ता लावायचं संशोधन चालू आहे. आता दोन पानांत एवढं काय काय सांगितलं पण पत्रं आली ती सगळी त्या एका ओळीवर! साहजिक आहे म्हणा, डोक्याला हात न लावता नुसत्या रक्तावर भागलं तर कुणाला नको. सातारा-सांगलीकडच्या पत्रांतले काही प्रश्न खाली घेतलेत, नावं नेहमीसारखी गाळलीत.

प्रश्न : आमच्या आबांचं डोक्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. रिपोर्टात ग्लायोब्लास्टोमा ग्रेड ४ आलं. सहा आठवडे रेडिएशन आणि सोबत टेमोझोलोमाइडच्या (केमोथेरपीच्या) गोळ्या झाल्या. त्यानंतर दोन महिन्यांनी एमआरआय केला तर डॉक्टर म्हणतात गाठ वाढल्यासारखी दिसतीय, पण खरीच वाढलीय का ते आत्ता सांगता येत नाही, परत दोन महिन्यांनी बघू. भाच्यानं नेटवर वाचलं की जीएफएपी नावाची रक्ताची टेस्ट आहे, त्यात लगेच कळतं. पैशाचं बघू कसं तरी, पण असं नुसतं थांबून राहायचं म्हणजे जीव टांगणीला लागलाय. — तासगाव

दादा, आधी एक सांगते, तुमचे डॉक्टर टोलवाटोलवी करत नाहीयेत. रेडिएशन संपल्यावर पहिल्या तीनेक महिन्यांत गाठीच्या जागेवर सूज येते, तिथल्या रक्तवाहिन्या गळक्या होतात आणि एमआरआयमधलं औषध तिथं जाऊन चमकतं, त्यामुळं फोटोत हुबेहूब गाठ वाढल्यासारखं दिसतं आणि पुढं काही जणांत ते आपोआप उतरतं. याला स्यूडोप्रोग्रेशन म्हणतात. चांगल्या चांगल्या रेडिओलॉजिस्टला एका फोटोवर हे ओळखता येत नाही म्हणूनच दुसरा फोटो काढायचा असतो. आणि खरं सांगायचं तर रक्ताच्या टेस्टची सगळ्यात जास्त गरज कुठं असेल तर ती इथंच आहे, जगभरची माणसं याच प्रश्नाच्या मागं लागलीत.

आता जीएफएपी. मेंदूत ग्लिया नावाच्या आधार देणाऱ्या पेशी असतात, त्यातल्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींच्या सांगाड्यातलं हे प्रोटीन. ग्लायोब्लास्टोमा त्याच घराण्यातली गाठ, तिच्या पेशी मरतात आणि रक्त-मेंदू यांच्यामधला अडसरही तिथं फाटलेला असतो, म्हणून हे प्रोटीन रक्तात उतरतं. ग्लायोब्लास्टोमाच्या पेशंटांत ते वाढलेलं सापडतं आणि गाठ मोठी तर बहुधा आकडाही मोठा, इथपर्यंत भाच्यानं वाचलेलं बरोबर आहे. पण हेच प्रोटीन डोक्याला मार लागला तरी वाढतं, मेंदूत रक्तस्राव झाला तरी वाढतं, ऑपरेशननंतर तर वाढतंच. अमेरिकेत २०१८ साली जीएफएपी आणि यूसीएच-एल१ अशा दोन प्रोटीनच्या रक्ततपासणीला मान्यता मिळाली ती गाठीसाठी नव्हे, डोक्याला किरकोळ मार लागलेल्या माणसाचा सीटी काढायचा का नको एवढं ठरवायला. त्यात आबांना सूज उतरायला डेक्सामेथासोन चालू असणार, त्या औषधानं तो फाटलेला अडसर थोडा आवळतो आणि गळती कमी होते, म्हणजे गाठ तेवढीच असली तरी रक्तात उतरणारं कमी होऊ शकतं. मग आकडा खाली आला तर गाठ दबली म्हणायचं का औषधाचा गुण म्हणायचा? आणि सूज, मेलेल्या पेशी, खरी वाढ, तिन्हींत गळती आहेच, म्हणजे ज्या प्रश्नासाठी टेस्ट करायची तिथंच ती गोंधळते.

लॅबला पैसे दिले तर आकडा मिळेलही, पण अमुक आकड्यावर औषध बदला असं कुठल्याही मान्य गाइडलाइनमध्ये नाही आणि तो कागद घेऊन तुम्ही डॉक्टरांकडं गेलात तर ते परत एमआरआयच सांगतील. तेव्हा ते पैसे राखून ठेवा. पुढचा एमआरआय शक्यतो त्याच मशीनवर करा, जुन्या सगळ्या सीडी सोबत न्या (नुसता रिपोर्टचा कागद नको, सीडी), आणि परफ्युजन एमआरआय (गाठीतला रक्तपुरवठा बघणारा) किंवा स्पेक्ट्रोस्कोपीचा (गाठीतली रसायनं बघणारी) उपयोग होईल का ते विचारा. ऑपरेशनच्या वेळच्या तुकड्यावर आयडीएच आणि एमजीएमटी (गाठीतल्या दोन जनुकांच्या खुणा) तपासलंय का तेही बघा. आयडीएचची पहिली तपासणी प्रोटीनचीच असते बरं का, फक्त ती रक्तात न करता गाठीच्या तुकड्यावर करतात आणि तिथं ती अगदी भरवशाची आहे. २०२१ च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणापासून तर आयडीएच बदललेला असेल तर त्या गाठीला ग्लायोब्लास्टोमा म्हणतच नाहीत, तिचं नाव वेगळं आणि पुढचा अंदाजही वेगळा. मधल्या काळात आबांना फिट आली, एका बाजूचा हात-पाय जड पडला, बोलताना शब्द सापडेनासे झाले किंवा झोप फार वाढली तर दोन महिने वाट बघत बसू नका, लगेच न्या.

प्रश्न : गावातल्या शिबिरात फुल बॉडी चेकअप केलं, त्यात कॅन्सर मार्करचं पॅकेज होतं, सगळं नॉर्मल आलं. मला महिनाभर सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखतंय, दोनदा उलटी झाली. मार्कर नॉर्मल म्हणजे डोक्यात काही नाही ना? — कोरेगाव

नाही, तसा अर्थ होत नाही. त्या पॅकेजमध्ये बहुतेक सीईए (आतड्याच्या कॅन्सरसाठी बघतात), सीए १२५ (अंडाशयाच्या), पुरुष असाल तर पीएसए (प्रोस्टेटच्या) असं असणार. यातल्या एकाचाही मेंदूत सुरू होणाऱ्या गाठीशी संबंध नाही. सीईए सिगारेट ओढणाऱ्याचं जास्त येतं, सीए १२५ पाळीच्या दिवसांतसुद्धा वर जातं. हे मार्कर मुळात आजार माहीत झाल्यावर उपचाराचा गुण येतोय का ते बघायला जास्त कामाचे, निरोगी माणसाला सरसकट चाळणी लावायला नव्हेत, पण पॅकेजमध्ये घातले की पॅकेज भारदस्त दिसतं!

समजा उद्या कुणी मेंदूच्या गाठीची झकास रक्ततपासणी काढली, शंभरातले ९५ पेशंट पकडणारी आणि निरोगी शंभरातल्या ९५ जणांना बरोबर नाही म्हणणारी. भारतात दरवर्षी लाखात पाच ते दहा जणांना मेंदूची किंवा मज्जासंस्थेची नवी गाठ निघते. सातारा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साधारण ३० लाख. दहाच्या हिशोबानं खरे पेशंट ३००, त्यातले २८५ सापडतील, पण ज्यांना काही नाही अशा दीड लाख लोकांच्या हातातही पॉझिटिव्हचा कागद पडेल. ते दीड लाख एमआरआयच्या रांगेत उभे राहिले तर खऱ्या पेशंटाचा नंबर कधी लागायचा? म्हणून सरसकट चाळणीसाठी मी तरी अशा टेस्टच्या बाजूची नाही.

तुमचं दुखणं मात्र मला आवडलं नाही. सकाळचं डोकं दुखणं, सोबत उलटी, खोकलल्यावर वाकल्यावर वाढत असेल, नजर धूसर होत असेल तर सरळ फिजिशियनकडं जा, ते टॉर्चसारख्या यंत्रानं डोळ्याचा पडदा बघतील, गरज वाटली तर सीटी किंवा एमआरआय सांगतील. हे याच आठवड्यात करा. बहुतेक वेळा साधं कारण निघतं, पण साधं आहे हे मार्करवरून ठरवायचं नसतं.

प्रश्न : बहिणीची पाळी सहा महिने बंद, अंगावर दूध येतंय, लग्न झालेलं नाही. प्रोलॅक्टिन १४८ आलं, एमआरआयमध्ये पिट्युटरीवर (मेंदूच्या तळाशी असलेली हार्मोनची ग्रंथी) ६ मिमीची गाठ. डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा घ्यायची गोळी दिली, ऑपरेशन नको म्हणाले. घरात सगळे म्हणतात डोक्यात गाठ असून गोळीवर कसं सोडलं? — वाई

ताई, घरातल्यांना सांगा की रक्तातल्या एका प्रोटीनवर मेंदूच्या भागातली गाठ ओळखायची, उपचार ठरवायचा आणि गुण आला का तेही त्याच आकड्यावर मोजायचं, हे स्वप्न कुठं पूर्ण झालं असेल तर तुमच्या बहिणीच्याच आजारात. प्रोलॅक्टिन हे पिट्युटरीचं हार्मोन, तेही प्रोटीनच. एक तर पिट्युटरी त्या रक्त-मेंदूच्या अडसराच्या बाहेर आहे, तिचा माल थेट रक्तात पडतो, आणि ही गाठ स्वतःच ते हार्मोन बनवते. म्हणून आकडा खरं बोलतो. कॅबरगोलिनच्या गोळीनं बहुतेकींचं प्रोलॅक्टिन उतरतं, गाठ आकसते, पाळी सुरू होते. ऑपरेशन लागतं ते गोळी चालली नाही किंवा सोसली नाही तर, किंवा नजरेवर फारच दाब असेल तर. १० मिमीच्या आतली गाठ म्हणजे छोटी.

पण आकड्याला तपासायचंही असतं. बाईचं प्रोलॅक्टिन वाढलेलं दिसलं की गरोदरपण, थायरॉइड आणि चालू गोळ्या या तिन्ही गोष्टी आधी बघायच्या. आपल्याकडं अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या लोक चण्या-फुटाण्यासारख्या खातात आणि त्यातल्या कितीतरींत डोमपेरिडॉन असतं (नावाच्या शेवटी ‘डी’ बघा), नाहीतर लेवोसल्पिराइड असतं, ही दोन्ही औषधं प्रोलॅक्टिन चांगलंच चढवतात. बहीण असलं काही घेत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. ती गोळी मनानं बंदही करू नका, विचारून करा.

याच्या उलटही एक गंमत आहे, तुमच्या बहिणीला लागू नाही पण लॅबवाल्यांसाठी लिहिते. मोठी, तीन-चार सेंटिमीटरची गाठ आणि प्रोलॅक्टिन जेमतेम वाढलेलं असा रिपोर्ट आला तर दोन शक्यता. एक, गाठ दुसऱ्या जातीची आहे आणि पिट्युटरीच्या देठावर दाब पडून प्रोलॅक्टिन थोडं चढलंय, असं चढलेलं बहुधा शंभरच्या आत राहतं. दुसरी शक्यता अशी की प्रोलॅक्टिन इतकं प्रचंड आहे की टेस्टच बुडाली. ही टेस्ट दोन अँटिबॉडींची असते, एकीनं प्रोटीन खालून धरायचं, दुसरीनं वरून, दोघींच्या मध्ये सापडलं की मोजलं. प्रोटीन वारेमाप असलं की खालची वेगळं धरून बसते, वरची वेगळं, मधोमध कुणीच सापडत नाही आणि हजारांतला आकडा शे-दीडशे दाखवतो. याला हुक इफेक्ट म्हणतात. सॅम्पल शंभर पट पातळ करून परत लावलं की खरा आकडा बाहेर येतो. हे न केल्यामुळं गोळीवर बरी होणारी गाठ ऑपरेशनला जाऊ शकते, म्हणून एमआरआयचा आकार आणि आकडा जुळत नसेल तर लॅबला फोन करायला लाजू नये.

प्रश्न : मुलगा १३ वर्षांचा. डोकं दुखणं, वर बघता येईना, म्हणून एमआरआय केला तर पिनिअल ग्रंथीजवळ गाठ आणि डोक्यात पाणी साठलेलं. पाण्यासाठी दुर्बिणीनं वाट करून दिली. आता रक्तात आणि मणक्यातल्या पाण्यात एएफपी आणि बीटा एचसीजी बघायचंय म्हणतात, कदाचित तुकडा काढायचीसुद्धा गरज लागणार नाही म्हणे. आमचे पाहुणे म्हणतात एचसीजी तर बाईला दिवस गेलेत का बघायची टेस्ट, पोराची कशाला? डॉक्टर चुकत तर नाहीत ना? — विटा

डॉक्टर अगदी बरोबर चाललेत, पाहुण्यांना चहा पाजा आणि गप्प बसवा. एचसीजी गरोदरपणात वारेच्या पेशी बनवतात हे खरं, पण पोटात बाळ घडताना ज्या मूळ जननपेशी असतात त्यांतल्या काही वाट चुकून मेंदूच्या मधल्या भागात राहून जातात असं मानतात, आणि त्यांतून पुढं या वयातल्या मुलांत जर्म सेल ट्यूमर नावाची गाठ होऊ शकते. त्यातल्या काही जाती एचसीजी बनवतात, काही एएफपी बनवतात. मुलाच्या अंगात या वयात ही दोन्ही नावालाच असायला पाहिजेत. युरोपातल्या मुलांच्या उपचार-पद्धतीत एएफपी २५ नॅनोग्रॅमच्या वर किंवा एचसीजी ५० युनिटच्या वर गेलं, आणि एमआरआयही जुळत असला, तर तुकडा न काढता जर्म सेलची जहाल जात धरून केमोथेरपी सुरू करतात. पिनिअल मेंदूच्या अगदी खोल मध्यात असते, तिथं सुई घालण्यातला धोका टळतो, ही छोटी गोष्ट नाही. दोन्ही मार्कर नॉर्मल किंवा एचसीजी थोडंसंच वाढलेलं आलं तर मात्र बहुधा तुकडा लागतो. त्यात शुद्ध जर्मिनोमा (जर्म सेल गाठीतली मवाळ जात) निघाला तर रेडिएशनला तो इतका छान वितळतो की ९० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात.

रक्त आणि पाणी दोन्ही का, तर कधी एकातच वाढलेलं सापडतं. पाण्यात गाठीच्या पेशी उतरल्यात का तेही त्याच वेळी बघतात. आणि तुम्ही विचारलं नाहीत पण मनात असेल, मणक्यातून पाणी काढणं धोक्याचं आहे का? डोक्यात दाब वाढलेला असताना काढलं तर आहे, मेंदू खाली सरकू शकतो. म्हणूनच आधी दुर्बिणीनं वाट करून दिली आणि आता म्हणतायत. निघणारं पाणी थोडंच असतं, शरीर रोज अर्धा लिटरभर नवीन बनवतं. पोराला नंतर डोकं दुखलं तर पडून राहू द्या, पाणी भरपूर पाजा, आणि दुखणं थांबलंच नाही तर वॉर्डात कळवा.

प्रश्न : मी मिरजेत डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा कोर्स) करतोय. आमच्याकडं एका संशोधनासाठी ब्रेन ट्यूमर पेशंटांची रक्त आणि सीएसएफची (मणक्यातल्या पाण्याची) सॅम्पलं गोळा करतात. नियम एवढे कडक की सर एका तासाच्या आत सेंट्रिफ्यूज झालं नाही तर सॅम्पल टाकून देतात. साध्या बायोकेमिस्ट्रीला असं काही नसतं. एवढं सोवळं कशाला? — मिरज

तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग. रक्तात एका डेसिलिटरला ६ ते ८ ग्रॅम प्रोटीन असतं, त्यातलं निम्म्याहून जास्त नुसतं अल्ब्युमिन. आपण जे शोधतोय ते मिलिलिटरला पिकोग्रॅममध्ये. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी प्रोटीनमधला फरक हजार कोटी पटीचा आहे. गणपतीत सांगलीच्या मारुती रोडवर ढोल-ताशा चालू असताना मागून कुणीतरी हळूच हाक मारावी आणि आपण ती ओळखावी, असलं हे काम आहे. सीएसएफमध्ये प्रोटीन डेसिलिटरला १५ ते ४५ मिलिग्रॅम, म्हणजे रक्ताच्या साधारण दोनशेव्या हिश्श्याचं, आणि ते पाणी मेंदूला लागूनच असतं, म्हणून तिथं शोधणं सोपं. पण सुई टोचताना त्यात रक्ताचे दोन थेंब मिसळले की अख्खा हिशोब रक्ताचाच होऊन बसतो. म्हणून पहिले थेंब वेगळ्या नळीत घेतात आणि पेशी मोजून ठेवतात.

एनएसई नावाचा मेंदूच्या पेशींचा एक मार्कर आहे, तो रक्तातल्या तांबड्या पेशींतही भरलेला असतो. नळी जोरात हलवली, बारीक सुईनं ओढून काढलं, बाइकच्या डिकीत एप्रिलच्या उन्हात तासगाव ते मिरज आणलं, की पेशी फुटल्या आणि एनएसई चढलं, पेशंटाच्या मेंदूत काही का असेना. एस१०० बी हा असाच दुसरा मार्कर, तो चरबीतूनही येतो आणि मेलानोमातही (त्वचेचा कॅन्सर) वाढतो. रक्त गोठताना प्लेटलेट व्हीईजीएफ (नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावणारं प्रोटीन) सोडतात म्हणून सीरम (रक्त गोठवून काढलेला द्रव) आणि प्लाझ्मा (न गोठवता काढलेला) यांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. काही प्रोटीन नळीच्या भिंतीलाच चिकटतात, त्यासाठी सीएसएफला पॉलिप्रॉपिलीनची नळी. उणे ८० ला ठेवलेलं सॅम्पल एकदा वितळवून परत गोठवलं की काही प्रोटीन तुटतात, म्हणून आधीच छोट्या छोट्या भागांत वाटून ठेवायचं. आणि लाईट गेली की फ्रीजर जनरेटरवर पडला का नाही हे बघायला उठणारा माणूस पाहिजे, तो बहुतेक तूच असशील.

मोजायच्या दोन वाटा आहेत. एलायझा (अँटिबॉडीनं प्रोटीन पकडून मोजायची टेस्ट) तुला माहितीच आहे, १९७१ मध्ये स्टॉकहोममध्ये एंगवाल आणि पर्लमन यांनी मांडलेली. एलायझात काय शोधायचं ते आधी ठरवावं लागतं. मास स्पेक्ट्रोमेट्रीत तसं नाही, ट्रिप्सिन या एन्झाइमनं प्रोटीनचे तुकडे करायचे, त्यांचं वजन मोजायचं आणि वजनावरून कुठलं प्रोटीन ते ओळखायचं. प्रोटीनसारखे बोजड रेणूही असे तोलता येतात हे दाखवल्याबद्दल फेन आणि तानाका यांना २००२ चं नोबेल मिळालं. आपल्याकडं आयआयटी मुंबईच्या प्रोटिओमिक्स (सगळी प्रोटीनं एकदम अभ्यासायचं शास्त्र) लॅबमध्ये ग्लायोमा (ग्लियाच्या पेशींची गाठ) आणि मेनिंजिओमावर (मेंदूच्या आवरणाची गाठ) असं काम झालंय. या वाटेनं एका वेळी शेकडो नावं मिळतात, पेपर छापून येतो, आणि दुसऱ्या हॉस्पिटलच्या सॅम्पलवर लावलं की त्यातली बरीचशी गळून पडतात. का गळतात? पुष्कळदा जीवशास्त्रामुळं नाही तर इथं नळी तासात फिरवली आणि तिथं चार तासांनी, यामुळं. सर सॅम्पल टाकून देतात ते बरं करतात.

प्रश्न : नवऱ्याला फिट आली, एमआरआयमध्ये कडी असलेली (कडेनं गोल चमकणारी) गाठ दिसली. मणक्यातल्या पाण्याची एडीए टेस्ट केली, नॉर्मल आली, तरी टीबी असू शकतो म्हणतात. मग टेस्ट कशाला केली? — जत

एडीए हे एन्झाइम, टीबीनं मेंदूचं आवरण सुजलं की पाण्यात वाढतं. पण टीबीची गाठ मेंदूच्या आत बंदिस्त असेल आणि आवरण साफ असेल तर पाणी नॉर्मल येऊ शकतं. तेव्हा वाढलेलं आलं असतं तर मोठा पुरावा होता, नॉर्मल आलं म्हणून काही सुटका नाही. कडीवाली गाठ म्हटल्यावर कॅन्सरच असं आपल्या भागात धरून चालायचं नसतं, टीबी आणि जंतांची गाठ (सिस्टिसरकोसिस) दोन्ही बघायचे. आणि आम्ही माळकरी आहोत, आम्हाला डुकराचा जंत कसा होईल असं म्हणू नका, त्याची अंडी न धुतलेल्या भाजीतूनही पोटात जातात.

प्रश्न : लघवी किंवा थुंकीतून मेंदूच्या गाठीचं कळत नाही का? — फलटण

प्रयोग चालू आहेत, पण प्रोटीन मेंदूतून रक्तात, रक्तातून किडनीच्या चाळणीतून खाली, एवढ्या प्रवासात फारच थोडं उरतं. आज कुणी लघवीच्या रिपोर्टवर मेंदूच्या गाठीचं निदान करून देतो म्हणाला तर पैसे देऊ नका.

प्रश्न : आईच्या ऑपरेशनच्या आधी एका फॉर्मवर सही मागितली, जादा रक्त आणि गाठीचा तुकडा संशोधनासाठी ठेवायचाय म्हणून. द्यावी का? आम्हाला रिपोर्ट मिळेल का? नाही म्हटलं तर उपचारात फरक करतील का? — कराड

फरक करता येत नाही, आयसीएमआरच्या (देशातली वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था) २०१७ च्या नियमांत तसं स्पष्ट आहे. फॉर्म तुम्हाला समजणाऱ्या भाषेत असला पाहिजे, म्हणजे मराठीत मागा, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का विचारा, आणि जादा तपासणीचा खर्च बिलात धरणार नाहीत हे लिहिलंय का बघा. मधेच नको वाटलं तर माघारही घेता येते. रिपोर्ट बहुधा मिळणार नाही, कारण त्या आकड्याचा अर्थ काय हेच तर शोधायचं चाललंय, तुमच्या हातात नुसता आकडा देऊन काय उपयोग. माझं मत विचाराल तर द्या. ऑपरेशनच्या आधी सुई टोचणारच असतात, त्यातच एक नळी जास्त. वर तासगावच्या आबांना जे उत्तर मला देता आलं नाही ते देण्यासाठी एकाच माणसाचं ऑपरेशनआधीचं, नंतरचं आणि रेडिएशननंतरचं असं ओळीनं रक्त लागतं, आणि नेमकं तेच मिळत नाही, कारण माणसं एकदा देतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत. सही केलीत तर फॉर्मची एक प्रत घरी घेऊन जा आणि पुढच्या तारखा कॅलेंडरवर मांडून ठेवा.